फांदी आडवी आलेले फोटो

सदाहरित जंगलात फोटो काढायला गेलेल्या माणसाला पहिला दणका बसतो तो अंधाराचा. पक्षी वगैरे नंतरची गोष्ट. बाहेर रस्त्यावर चांगलं ऊन असतं, टपरीवर चहा पिताना आपण डोळे बारीक करून उभे असतो, आणि तिथून दोनशे पावलं आत शिरलं की कॅमेरा रडायला लागतो. आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद) ६४००, शटर सेकंदाचा १/५०, आणि तेही लेन्स पूर्ण उघडी टाकून. ज्यांच्याकडे गाडीच्या किमतीची एफ फोरवाली, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, प्राइम लेन्स आहे ते जरा सुखी (जराच!), आणि आमच्यासारखे १५०-६०० झूमवाले, ज्यांची लेन्स सहाशेला गेली की एफ ६.३ ला, म्हणजे कमी उजेडाला, अडकते, ते कुठल्यातरी झाडाला खांदा टेकवून श्वास रोखून उभे, मानेवरून काहीतरी सरपटतंय, ती जळू आहे की घाम ते बघायचीही सोय नाही, कारण हात हलला की संपलं.

माळरानावर किंवा पाणथळ जागी फोटो काढून जे इकडे येतात ना, त्यांची पहिल्या दिवशीची तोंडं बघण्यासारखी असतात. तिकडे भिगवणला फ्लेमिंगो कसे समोर उभे, उजेड भरपूर, पाण्यात प्रतिबिंब, सेकंदाला वीस फ्रेम मारा आणि घरी जाऊन निवडा. इकडे दिवसभरात दहा फ्रेम मिळाल्या तर मिळाल्या आणि त्यातल्या नऊ फ्रेममध्ये पक्ष्याच्या तोंडावर पान. कॅमेऱ्यातलं ते नवीन बर्ड-आय ऑटोफोकस, जे पक्ष्याचा डोळा आपोआप पकडतं म्हणतात, ते इथे एखाद्या पानावरचं गोल भोक पकडतं आणि हिरवा चौकोन दाखवून खूश होतं.

मी जातो ते बहुतेक आंबोली, तिळारी आणि पलीकडे गोव्यातलं तांबडी सुर्ल. तिन्ही एकमेकांपासून लांब नाहीत, पण तिन्हींची तऱ्हा वेगळी. आंबोली वर घाटमाथ्यावर, सातशे मीटरच्या आसपास, वर्षाचे कितीतरी महिने धुक्यात आणि पावसात. तिळारी खाली दोडामार्ग तालुक्यात, दमट, उकाडा, हत्तींची ये-जा. तिथला साधारण २९.५ चौरस किलोमीटरचा भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. आणि तांबडी सुर्लला ते कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, मागे मोलेमचं अभयारण्य. देवळात येणारे लोक देवळाचे फोटो काढतात आणि आमची जमात देवळाकडे पाठ करून समोरच्या वेताच्या जाळीत दुर्बीण लावून बसलेली.

आता कर्ण्याबद्दल सांगतो, म्हणजे मलबार ट्रोगन. नर बघितला नसेल तर सांगून पटणार नाही. डोकं आणि गळा काळपट, त्याखाली पांढरा पट्टा, आणि पट्ट्याच्या खाली एकदम लालभडक पोट. तीस सेंटिमीटरच्या आसपासचा पक्षी आहे, म्हणजे काही चिमणीएवढा नाही, बसतोही ताठ आणि एकाच जागी बराच वेळ. एवढा रंगीत, एवढा मोठा, एवढा शांत बसणारा पक्षी दिसायला सोपा असायला हवा, नाही का? पण हा बसतो तुमच्याकडे पाठ करून. खरंच. माणसाची चाहूल लागली की तो पोटाची लाल बाजू पलीकडे फिरवतो, आणि त्याची पाठ असते मातकट तपकिरी, आजूबाजूच्या खोडांसारखीच. मग डोकं तेवढं हळूच वळवून बघतो, माणूस गेला का. आपण चार पावलं फिरून पलीकडून जायचं ठरवलं की तोही फांदीवर फिरतो.

तिळारीला आमचे एक गाईड काका आहेत, पूर्वी जंगलात मध, शिकेकाई गोळा करायचे, आता पक्षी दाखवतात. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी असाच गोल फिरून पलीकडे जायच्या तयारीत होतो, तर त्यांनी मागून शर्ट धरला. "हलू नका हां. तो तुमकाच बघता." मग तिथेच उकिडवे बसलो. पाय मुंग्यांनी भरले. काकांनी तंबाखू मळली, खाल्ली, परत मळली. मी दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे बघतोय आणि ते शांत, "गावतलो फोटो, घाई कित्याक?" आणि मग केव्हातरी वर भृंगराज ओरडायला लागले, त्यांच्या मागे छोट्या पक्ष्यांची एक टोळी आली, फुटक्या, माशीमार, कुठला तरी सुतारपक्षी, सगळे एकदम, झाडावरचे किडे हुसकावत पुढे पुढे सरकणारे. बर्डर लोक याला हंटिंग पार्टी म्हणतात. एकाने हुसकावलेला किडा दुसऱ्याच्या तोंडात जातो, असा सगळा मामला. कर्णा याच टोळीच्या कडेकडेने फिरतो. टोळी आली आणि त्याचं आमच्यावरचं लक्ष उडालं. झेप घेतली, पानाखालचा किडा उचलला, आणि परत बसला तो तोंड आमच्याकडे करून. लाल पोट, काळा गळा, सगळं समोर.

आणि मध्ये एक फांदी.

तो फोटो माझ्याकडे आहे. पोटावरून आडवी एक काडी गेलीये, मागे दोन वेली, एक कुजकं खोड, डावीकडे उन्हाचा पांढरा डाग. स्पर्धेत पाठवायच्या लायकीचा अजिबात नाही. एका छोट्या प्रदर्शनात लावला होता तर एक जाणकार गृहस्थ येऊन म्हणाले, सब्जेक्ट चांगलाय पण बॅकग्राउंड फार क्लटर्ड आहे हो, जरा बाजूने घ्यायचा ना. बाजूने! मला हसूच आलं. पण मग रात्री विचार करत बसलो की हे क्लटर म्हणजे नक्की काय. ते कुजकं खोड म्हणजे कचरा नाही, कर्ण्याचं घरटंच तसल्या खोडात असतं. झाड मरून, आतून भुसभुशीत झालेलं असलं की नर-मादी दोघं मिळून चोचीने कोरत कोरत त्यात खळगा करतात, सुतारपक्ष्याएवढी ताकदवान चोच त्यांची नाही, त्यामुळे जिवंत लाकूड त्यांना कोरता येत नाही. म्हणजे मेलेली झाडं उभी राहू देणारं जंगल असेल तर कर्णा आहे, नाहीतर नाही. आणि पोटावरून गेलेली ती काडी? ती होती म्हणून तर तो तिथे निर्धास्त बसला.

बाजूलाच दोडामार्गात रबराच्या बागा आहेत. गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर साफ होऊन रांगेत रबर उभा राहिलाय, त्यात अननस. तिथे प्रकाश काय सुंदर असतो सांगू! खाली झुडूप नाही, वेल नाही, कुजकं लाकूड नाही, मागे सरळ रेषेत खोडं आणि त्यातून येणारी सोनेरी किरणं. शटर १/१००० आरामात मिळेल. फक्त कर्णा मिळणार नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे. ज्या जंगलात फोटो छान येतो त्या जंगलात हे पक्षी राहत नाहीत, आणि तरीही आपल्याला त्यांचा छान फोटो हवा असतो, म्हणजे मग एकच मार्ग उरतो, पक्ष्याला जंगलातून बाहेर काढायचं. कधी कॉम्प्युटरवर, कधी खरोखर.

खरोखर कसं, तर तिबोटी खंड्याचं बघा. जून लागला, कोकणात पाऊस पडायला लागला की हा एवढासा, चोचीसकट जेमतेम तेरा सेंटिमीटरचा, जांभळा-नारिंगी-पिवळा पक्षी प्रजननासाठी येतो. प्रवास रात्री करतो, त्यामुळे दरवर्षी त्या दिवसांत कुठल्यातरी घराच्या काचेवर आपटून पडलेला सापडल्याची बातमी असतेच. ओहोळाच्या काठाला मातीचा उभा कडा असेल तर त्यात आडवं बीळ कोरून घरटं करतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपलं इन्स्टा उघडा, दर तिसरा फोटो याचा. शेवाळलेली काडी, मागे गुळगुळीत हिरवा पडदा, चोचीत सापसुरळी. पुढच्या फोटोत चोचीत खेकडा. त्याच्या पुढच्यात कोळी. काडी मात्र तीच! कारण ती काडी कुणीतरी रोवलेली असते, बिळापासून थोड्या अंतरावर, बरोबर हाइडच्या (फोटोवाल्यांनी लपून बसायच्या आडोशाच्या) समोर, मागचं झाड इतकं लांब की सगळं विरघळून हिरवं व्हावं. पक्षी पिल्लांना भरवायला येताना आधी काडीवर टेकतो, तेवढ्यात वीस-पंचवीस फ्रेम होतात.

यावर बर्डर लोकांत प्रचंड मारामाऱ्या आहेत आणि मला दोन्हीकडचं अर्धं अर्धं पटतं. एक हाइडवाला मला म्हणाला होता, साहेब हा ओहोळ माझ्या जागेतला, माझे काका विकायला निघालेले, जेसीबीवाला येऊन बघून पण गेलेला, आता पावसाळ्यात फोटोवाले येतात म्हणून काकांना पटलं. याला काय उत्तर देणार? नीट चालवलेला हाइड, ठराविक अंतर, ठराविक माणसं, आत बसलं की बडबड बंद, असा असेल तर पक्षी सरावतात आणि पिल्लं उडूनही जातात. पण दुसऱ्या एका ठिकाणी मी बघितलंय, बिळाच्या तोंडावर येणारी वेल साफ कापलेली, का तर शॉटमध्ये येते. ती वेल म्हणजे बिळाचं दार होतं. उघडं बीळ सापाला दिसतं, धामणीला दिसतं, आणि पावसाची झड थेट आत जाते. तिथे मी बसलो नाही, पैसे मात्र गेले ते गेलेच.

प्लेबॅकचं तसंच. मोबाईलवर नराचा आवाज लावायचा, स्पीकर झुडपात ठेवायचा, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून बिचारा धावत येतो, समोरच्या उघड्या फांदीवर बसतो, छाती फुगवतो. खचाखच फोटो. एकदा-दोनदा झालं तर तो विसरत असेलही. पण एखादी जागा माहितीची झाली की सकाळी सातला एक ग्रुप, नऊला दुसरा, चारला तिसरा, आणि तो दिवसभर नसलेल्या शत्रूशी भांडतोय, खाणं सोडून, अंडी सोडून. माझा एक मित्र म्हणतो, अरे अभ्यासाला पण लावतातच की आवाज. लावतात, पण ते मोजून लावतात, आणि फोटोला लाइक मिळावेत म्हणून नाही लावत.

आता कुणी म्हणेल की पूर्वीचे लोक तर सरळ घरट्यावरच फोटो काढायचे. काढायचे ना. लोथर नावाचा रेल्वेतला इंग्रज अधिकारी, त्याचं सगळं आयुष्य घरट्यासमोर तंबू ठोकून त्यात बसण्यात गेलं. सालीम अलींचे मित्र लोक वान थो, सिंगापूरचे सिनेमा-थिएटरवाले करोडपती, तेही घरट्यांवरच. कारण तेव्हाच्या कॅमेऱ्याला दुसरा इलाजच नव्हता, लेन्स छोट्या, फिल्म मंद, पक्षी परत परत एका जागी येईल अशी एकच जागा, घरटं. आज माझ्यासारख्याच्या साध्या कॅमेऱ्यातही जे आयएसओ चालतं ते त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. म्हणजे त्यांच्याकडे कारण होतं. आपल्याकडे ते उरलेलं नाही, म्हणून तर बऱ्याच स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो घेणं बंद केलं.

आणि कॉम्प्युटरवरचं बाहेर काढणं, ते तर घरबसल्या. क्रॉप करा, डिनॉइज मारून फोटोतले दाणे घालवा, ती आडवी काडी एआयला सांगून पुसा, मागचं ब्लर वाढवा. दहा मिनिटांत कर्णा एका गुळगुळीत हिरव्या पोकळीत तरंगायला लागतो. तिळारी असो, केरळातलं थट्टेकाड असो की श्रीलंका, काहीच कळत नाही.

इथे मला नेहमी रानपिंगळ्याची गोष्ट आठवते. फोटोच्या आधीच्या जमान्यातली आहे, पण आपल्याच महाराष्ट्रात येऊन संपते. १८७३ मध्ये ह्यूमने (हो तोच, काँग्रेसवाला ह्यूम) या छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन केलं, ब्लूइट नावाच्या माणसाने पाठवलेल्या नमुन्यावरून (नमुना म्हणजे मारून, आत भरून ठेवलेला पक्षी). त्यानंतर दहा-बारा वर्षांत थोडे नमुने मिळाले, त्यातले शेवटचे १८८४ मध्ये, खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसनने गोळा केलेले. आणि मग पक्षी गायब. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून सातच नमुने. पण एका नमुन्यावर लेबल होतं १९१४ सालचं, ठिकाण गुजरातमधलं मांडवी, गोळा करणारा कर्नल रिचर्ड मायनर्टझहागेन, लष्करातला मोठा माणूस, पक्षीतज्ज्ञ म्हणून दबदबा. म्हणजे १९१४ पर्यंत तरी पक्षी होता आणि तापीच्या त्या भागात होता, असं सगळ्यांनी धरलं. लोकांनी तिथे शोधला. कसा मिळणार?

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी त्या नमुन्याच्या मागे लागून, एक्स-रे वगैरे काढून, तो कसा शिवलाय, आत काय भरलंय हे बघून शोधलं की हा तर डेव्हिडसनचाच पक्षी. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधून उचलला, टाके उसवून परत भरला, आणि स्वतःचं नाव-गाव-तारीख लावून टाकली! एकच नाही, त्यांनी असे ढिगाने नमुने ढापले होते हे नंतर उघडकीला आलं. मग ते लेबल बाजूला ठेवून, जुने खरे नमुने जिथून आले होते तिथेच जायचं असं ठरवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जागा पालथ्या घातल्या, काही नाही. मग नंदुरबार, शहादा, सातपुड्याचा पायथा. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी बेन किंगला एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेलं एक पिंगळं दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत, पाय जाडजूड, पांढरे. ११३ वर्षांनी. लगेच व्हिडिओ, फोटो. आता जगाला पुरावा म्हणून कातडं लागत नव्हतं, फोटो चालणार होता.

गंमत म्हणजे रानपिंगळा लपणारा पक्षीच नाही. दिवसा वावरतो, सागाच्या जंगलात, झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, शेपूट हलवतो. मेळघाटात सापडला, यावलला सापडला, २०१४ मध्ये तर तानसाला सापडला, जिथून मुंबईला पाणी जातं. शंभर वर्षं तो दिसला नाही याचं एक कारण त्या चिठ्ठीवरचं खोटं गाव होतं. पक्षी खरा होता, पिसं खरी होती, जंगल खोटं होतं. जंगलापासून सोडवून घेतलेला पक्षी असा कुठेही चिकटवता येतो, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर वाटतं. आणि आपण दर रविवारी लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून हौसेने तेच सोडवून घेतोय.

आता यात एक पेच आहे, तो मला अजून सुटलेला नाही. जंगल फोटोत दिसावं म्हणतोय, तर मग जागाही सांगावी का? तर अजिबात नाही. एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचं लोकेशन व्हॉट्सॲपवर पडलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात, हे मी बघितलंय. ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइटसुद्धा काही संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा लपवतं, त्याला तसंच कारण आहे. फोटोत मागे ओळखू येईल असं देऊळ, धरणाची भिंत, खास आकाराचा खडक असेल तर मी तो फोटो टाकतच नाही. जिल्हा सांगतो, महिना सांगतो, झाडं-वेली दिसू देतो. मित्र चिडवतात की तू पण मग कर्नलचाच भाऊ, जागा लपवतोस. नाही रे बाबा, लपवणं आणि खोटी सांगणं यात फरक आहे, आणि वनखात्याच्या माणसाला किंवा अभ्यास करणाऱ्याला मी नेमकी जागा देतोच की. पण हे मी जितक्या ठामपणे इथे लिहितोय तितका ठाम रात्री अकरा वाजता "भावा फक्त मला सांग, कुणाला नाही सांगणार" असा मेसेज आला की राहत नाही. त्या माणसाने सुट्टी टाकलेली असते, बायकोची बोलणी खाल्लेली असतात, त्याचा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा बघायचा पक्षी, असतो. मग मी त्याला काकांचा नंबर देतो. काका आधी माणूस बघतात आणि मग ठरवतात कुठल्या वाटेने न्यायचं.

फ्रॉगमाउथ काकांनीच दाखवला. श्रीलंका फ्रॉगमाउथ, आपल्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत, बाकी जगात कुठे नाही. सालीम अलींच्या पिढीपासून सगळे सांगत आलेत की दिवसा हा पक्षी शोधणं म्हणजे छळ आहे. वीतभर लांबीचा, चोच बेडकाच्या जबड्यासारखी रुंद, रंग वाळक्या पानाचा, नर जरा करडा, मादी विटकरी. रात्री किडे पकडतो आणि दिवसा जोडीने एकमेकांना चिकटून झोपतो, कुठल्याशा वेलीवर, माणसाच्या डोक्याच्या थोड्याच वर. धोका वाटला की पळत नाही, चोच वर करून ताठ होतो, झालं, मोडक्या फांदीचं टोक. घरटं म्हणजे शेवाळ आणि दगडफुलाची एक छोटीशी चकती फांदीवर, त्यात एकच अंडं, दिवसा त्याच्यावर नर बसतो. म्हणजे तो उडाला तर अंडं उघड्यावर, म्हणून घरट्यापाशी काका नेतच नाहीत, फक्त झोपायच्या जागा दाखवतात, त्याही मार्चच्या आधी.

"खंय आसा?" हे मी विचारत होतो आणि ते बोट दाखवत होते. बोटाच्या टोकाला पानं. "त्या वेलीर बघा." वेलीवर वाळकी पानं. "दोन पानां एकमेकांक चिकटलेली दिसतत?" दिसली. "तीच ती." मी कॅमेरा उचललाच नाही काही वेळ, कारण कॅमेऱ्यातून परत सापडतील याची खात्री नव्हती. मग मोनोपॉड टेकवला, शटर १/२० वर आणलं, ते दोघं हलत नाहीत म्हणून हा फोटो शक्य होता, आणि सहाशेवर न काढता मुद्दाम दीडशेवर काढला. सगळी जाळी आत घेतली. वेली, वेताचे काटे, अडकलेला पालापाचोळा, वरून आलेला एक निळसर कवडसा. आणि त्यात कुठेतरी ते दोघं.

हा फोटो मी टाकला तर पाच-सहा जणांनी विचारलं, भाऊ चुकून दुसरा अपलोड झाला का. एकाने लाल गोल करून परत पाठवला, "हे का?" तो गोल एका खऱ्याखुऱ्या वाळक्या पानाभोवती होता. मला भारी आनंद झाला.

माझी एक मैत्रीण कोल्हापुरात कॉलेजला बॉटनी शिकवते, तिला दाखवला. मोबाईल हातात घेतला, झूम केलं, इकडून तिकडे सरकवला, चेहरा एकदम खुलला. मी वाट बघतोय.

"अरे गारंबी आहे ही! केवढी जुनी आहे बघ, खोड बघ पिळलेलं. कुठे मिळाली?"

"अगं, पक्षी बघ ना."

"कुठला पक्षी?"

मग तिला बोट ठेवून दाखवला. हो का, छान आहे, म्हणाली, आणि परत वेलीकडे. ही एवढी जाड गारंबी व्हायला किती वर्षं लागली असतील, आधार दिलेलं झाड कुठलं, शेंगा होत्या का खाली, ती हातभर लांब शेंग पडलेली असते बघ, बिया आणल्यास का. नाही आणल्या. तुम्ही फोटोवाले ना, म्हणाली, वर बघत चालता. तिला त्या खोडाचा जवळून एक, पानांचा एक आणि मोसमात शेंगांचा एक फोटो हवाय, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, माप कळायला. फ्रॉगमाउथ वर झोपलेले असताना मी खाली पट्टी ठेवून खोडाचे फोटो कसे काढणार हे तिला समजावून सांगितलं, तर म्हणे मग ते रात्री किडे खायला गेले की जा.

काकांना फोन केलाय. ते म्हणाले शेंगो आसत, येवा, पण रात्री नको, वाटेर हत्ती फिरताहत.